हुकमी आवाजाचे एकवीस महिने

२६ जून १९७५ च्या सकाळी दिल्लीतील बहुसंख्य वाचकांच्या दारात वर्तमानपत्र पडलेच नाही. आदल्या रात्री बहादूरशहा जफर मार्गावरील छापखान्यांचा वीजपुरवठा तोडण्यात आला होता, आणि ज्यांची वीज निराळ्या व्यवस्थेकडून येत होती अशी एक-दोन पत्रे तेवढी या तडाख्यातून कशीबशी बचावली होती. आकाशवाणीची वीज मात्र कोणी तोडली नाही, आणि तोडण्याचे काही कारणही नव्हते. कारण पहाटे बोलावलेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत आणीबाणीच्या जाहीरनाम्यावर उमटलेली राष्ट्रपतींची स्वाक्षरी सहकाऱ्यांना केवळ कळविण्याचा उपचार उरकून पंतप्रधान इंदिरा गांधी राष्ट्राला जे सांगणार होत्या, ते त्याच ध्वनिक्षेपकावरून सांगणार होत्या. राष्ट्रपतींनी आणीबाणी घोषित केली आहे, भयभीत होण्याचे कारण नाही, असे त्यांनी सांगितले. विरोधकांचे नेते असलेल्या ज्या जयप्रकाश नारायणांनी आदल्या सायंकाळी रामलीला मैदानावरील विराट सभेत भाषण केले होते, ते तोवर अटकेत होते. परंतु त्यांची बाजू त्या सकाळी देशाला सांगू शकेल असे एकही साधन शिल्लक राहिलेले नव्हते.

छापखाना बंद पाडावा लागतो आणि नभोवाणी आयतीच हाताशी असते, हा भेद एका रात्रीत निर्माण झालेला नव्हता. त्याची मुळे इंग्रजी अमदानीत आहेत. १८८५ च्या तारायंत्रविषयक कायद्याने संदेशवहनाचा सर्वाधिकार सरकारकडे घेतला, तेव्हा नभोवाणी अस्तित्वातही नव्हती. पण ती अवतरल्यावर तोच कायदा तिला लागू झाला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत जिचे केंद्र सुरू झाले ती खासगी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी तीन वर्षांत डबघाईला आली आणि ध्वनिक्षेपण सरकारी खात्याच्या पदरी पडले. १९३६ मध्ये त्या खात्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. महायुद्धाच्या काळात या यंत्रणेचा प्रचारासाठी कसा उपयोग होतो हे भारतीयांनी पुरते अनुभवले, आणि म्हणूनच १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालविला. सरकारी नभोवाणी जे दडवीत होती ते लोकांना कळावे, एवढाच त्या धाडसाचा हेतू होता. पुढे त्याच काँग्रेसच्या हाती सत्ता आली, तेव्हा तिने नभोवाणीवरची सरकारी मक्तेदारी जशीच्या तशी ठेवली. नव्या राष्ट्राच्या उभारणीसाठी ती अवश्य आहे, असा युक्तिवाद त्या काळी बहुतेकांना पटण्यासारखा होता, आणि तो अगदीच खोटा होता असेही म्हणवत नाही.

वेळीच सावध होण्याची एक संधी आली होती. अशोक चंदा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ मध्ये आकाशवाणीला सरकारी खात्यातून मुक्त करून स्वायत्त महामंडळाचे स्वरूप द्यावे अशी स्पष्ट शिफारस केली. ही समिती नेमली गेली तेव्हा माहिती व नभोवाणी खात्याच्या मंत्री इंदिरा गांधी होत्या आणि अहवाल सादर झाला तेव्हा त्या पंतप्रधान झालेल्या होत्या. म्हणजे शिफारशीचे बरेवाईट करणे सर्वस्वी त्यांच्याच हाती होते. ती काळ अनुकूल नसल्याचे कारण देऊन दप्तरी दाखल करण्यात आली.

दूरचित्रवाणीची कथा याहून अल्प आहे. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रयोग म्हणून सुरू झालेल्या या माध्यमाला दुसरे केंद्र मिळण्यास तेरा वर्षे लागली आणि ते केंद्र मुंबईचे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी ते सुरू झाले. पुढे ज्या अभिनेत्री म्हणून विख्यात झाल्या त्या स्मिता पाटील यांनी याच केंद्राच्या आरंभीच्या काळात मराठी बातम्या वाचल्या. नंतर श्रीनगर आणि अमृतसर ही सीमेजवळची केंद्रे आली. तर कलकत्ता, मद्रास आणि लखनौ ही केंद्रे १९७५ च्या उत्तरार्धात, म्हणजे आणीबाणीचा अंमल चालू असतानाच उघडली. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शिक्षणविषयक कार्यक्रम पोहोचविण्याचा एक वर्षाचा प्रयोग सुरू झाला. विक्रम साराभाईंच्या हयातीतच ज्याचा करार झाला होता अशा या प्रयोगाचा आणीबाणीशी संबंध निव्वळ योगायोगाचा होता. शेती, आरोग्य, शाळा हेच त्याचे विषय होते, आणि आणीबाणीची निंदा करताना त्यालाही प्रचाराच्या खात्यात लोटणे अन्यायाचे होईल. तथापि ज्या खेड्यात वर्तमानपत्र कधी गेले नाही तेथे दिल्लीचे चित्र आणि दिल्लीचा शब्द एकाच क्षणी पोहोचू शकतो, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या ध्यानात आल्यावाचून राहिली नसेल. एरवी दूरचित्रवाणीचे संच देशात अजून काही लाखांवर गेलेले नव्हते. मुंबईत ज्याच्या घरी संच असे त्याच्या खोलीत रविवारी सायंकाळी सारी चाळ लोटत असे. खेडोपाडी पोहोचणारे खरे साधन नभोवाणी हेच होते.

आता घटनांकडे वळू. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्दबातल ठरविली. पुढील पंधरवडा दिल्लीत मेळाव्यांचा होता: पंतप्रधानांच्या निवासस्थानी बस भरभरून समर्थक आणले जात होते आणि विरोधक राजीनामा मागत होते. या सर्व गडबडीत आकाशवाणी व दूरदर्शन आपल्या बाजूने पुरेशा जोमाने उभे राहत नाहीत, अशी तक्रार पंतप्रधानांच्या निवासस्थानातून येऊ लागली. माहिती व नभोवाणी खाते तेव्हा इंद्रकुमार गुजराल यांच्याकडे होते. त्यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, बातमीपत्रे प्रक्षेपित होण्यापूर्वी आपल्याला दाखविली जावीत अशी अपेक्षा पंतप्रधानांचे पुत्र संजय गांधी यांनी व्यक्त केली. ते कोणत्याही अधिकारपदावर नव्हते, आणि गुजराल यांनी ती अमान्य केली. २८ जूनला, म्हणजे आणीबाणीच्या तिसऱ्याच दिवशी, गुजराल यांची नियोजन खात्यात रवानगी झाली आणि त्यांच्या जागी विद्याचरण शुक्ल आले. एका मंत्र्याच्या या बदलीचा अर्थ खात्यातल्या शिपायापासून संचालकापर्यंत प्रत्येकाला उमगला. त्यानंतर लेखी हुकुमांची फारशी आवश्यकता उरली नाही.

हा तोंडी कारभार हेच त्या एकवीस महिन्यांचे खरे वैशिष्ट्य होय. वर्तमानपत्रांसाठी निदान देशसंरक्षणाच्या नियमांखाली काढलेला सेन्सॉरशिपचा आदेश होता, मुख्य सेन्सॉरचे कार्यालय होते, काय छापू नये याच्या याद्या होत्या. त्यांत महात्मा गांधी, टागोर आणि नेहरू यांच्या स्वातंत्र्यविषयक वचनांनाही आडकाठी झाल्याची उदाहरणे आहेत. पण त्या याद्याही पुष्कळदा दूरध्वनीवरूनच फिरत असत, आणि नभोवाणीच्या बाबतीत तर तेवढ्याचेही प्रयोजन नव्हते. सप्टेंबर १९७५ मध्ये आकाशवाणीच्या केंद्रसंचालकांच्या परिषदेत बोलताना इंदिरा गांधींनी कोणताही आडपडदा ठेवला नाही: आकाशवाणी हे सरकारचे अंग आहे व तसेच राहणार आहे, आणि विश्वासार्हता म्हणून जे म्हणतात ते नेमके काय हे आपल्याला उमजत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. कित्येक राज्यकर्ते मनात बाळगतात ते त्यांनी मोकळेपणाने बोलून दाखविले, एवढे श्रेय त्यांना द्यावयास हवे.

त्यानंतरची बातमीपत्रे या धोरणाला साजेशीच होती. सरकारचा वीस कलमी कार्यक्रम हा बारमाही विषय झाला. रेल्वेगाड्या वेळेवर धावू लागल्या, कचेऱ्यांतील हजेरी सुधारली, साठेबाज धरले गेले, भाव उतरले, हे सांगण्यात काही काळ तथ्यही होते. ज्याने संप, मोर्चे आणि महागाई यांचा जाच सोसला होता त्या शहरी मध्यमवर्गाला हे ऐकून हायसे वाटले, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रचार निखळ असत्याचा असता तर तो पहिल्याच महिन्यात उघडा पडला असता. परंतु हळूहळू बातमीपत्राच्या केंद्रस्थानी एक नवे नाव येऊ लागले. १९७७ नंतरच्या चौकशीत बाहेर आलेल्या आकड्यांनुसार १ जानेवारी १९७६ ते १८ जानेवारी १९७७ या अवधीत आकाशवाणीच्या प्रमुख बातमीपत्रांत संजय गांधींविषयी १९२ आणि दूरदर्शनवर २६५ बातम्या दिल्या गेल्या. डिसेंबर १९७६ मध्ये काँग्रेसच्या प्रवक्त्यांच्या वाट्याला बातमीपत्रांच्या २,२०७ ओळी आल्या आणि विरोधी पक्षांच्या वाट्याला ३४. ‘ऑल इंदिरा रेडिओ’ ही कुचेष्टा लोकांच्या तोंडी रुळली ती काही उगीच नव्हे.

मुद्रित पत्रांची मुस्कटदाबी मात्र सनदशीर आणि टप्प्याटप्प्याने झाली. डिसेंबर १९७५ मध्ये तीन वटहुकूम एकदम निघाले: आक्षेपार्ह मजकुरावर बंदी आली, वृत्तपत्र परिषद मोडीत निघाली, आणि संसदेतील कामकाजाच्या वृत्तांताला संरक्षण देणारा, इंदिरा गांधींचे पती फिरोज गांधी यांच्या खटपटीने १९५६ मध्ये झालेला कायदा रद्द झाला. फेब्रुवारी १९७६ पासून पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चारही वृत्तसंस्थांना एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच संस्था उभी करण्यात आली.

तरीही छापील शब्दाला पळवाट होती, आणि ती शोधणाऱ्यांत आपल्या प्रांतातील माणसे पुढे होती. आणीबाणी जाहीर झाल्यावर काही दिवसांतच मुंबईच्या एका प्रमुख इंग्रजी दैनिकाच्या निधनवार्तांच्या स्तंभात लोकशाहीच्या मृत्यूची जाहिरात अक्षरांची फिरवाफिरव करून छापून गेली आणि सेन्सॉरला पत्ता लागला नाही. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ने सेन्सॉरने अडविलेल्या मजकुरासाठी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये खंडपीठाने निर्णय दिला तो असा की, सर्व पत्रांना एकमुखाने एकच सूर लावावयास भाग पाडणे हे सेन्सॉरचे काम नव्हे. यदुनाथ थत्ते यांची ‘साधना’ आणि अ. द. गोरवाला यांचे ‘ओपिनियन’ ही पत्रेही आपापल्या परीने झुंजत राहिली. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, जेथे केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण हे स्वागताध्यक्ष होते, तेथे अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी मुंबईत जसलोक रुग्णालयात असलेल्या जयप्रकाशांच्या स्वास्थ्यासाठी सभेला उभे राहून प्रार्थना करावयास लावले.

या सर्व प्रतिकारात एक गोष्ट समान आहे: सरकारखेरीज दुसरा कोणीतरी संपादक, प्रकाशक किंवा अध्यक्ष तेथे उभा होता. मसानी न्यायालयात जाऊ शकले, कारण पत्र त्यांचे होते आणि आदेश सरकारचा होता. आकाशवाणीवर वादी आणि प्रतिवादी एकच. तेथे कोण कोणाविरुद्ध अर्ज करणार? बातमी गाळणारा आणि बातमी देणारा हे दोघेही एकाच खात्याचे नोकर असल्यामुळे तेथे सेन्सॉरशिपचा खटला कधी उभाच राहिला नाही, आणि माझ्या मते आणीबाणीच्या प्रचारपर्वातील हाच सर्वांत महत्त्वाचा धडा असूनही त्याकडे आपले लक्ष सर्वांत कमी गेले आहे.

या निरंकुश मक्तेदारीचे सर्वांत हास्यास्पद आणि म्हणूनच सर्वांत बोलके उदाहरण गायक किशोरकुमार यांचे. १९७६ च्या उन्हाळ्यात वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रसिद्धीसाठी चित्रपटसृष्टीने हातभार लावावा असा आग्रह खात्याने धरला; अधिकारी मुंबईस आले, निर्मात्यांशी बैठका झाल्या, पण किशोरकुमारांनी दाद दिली नाही. तेव्हा ४ मे १९७६ पासून त्यांची गाणी आकाशवाणी व दूरदर्शन यांवरून बंद करण्याचा हुकूम निघाला, आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीलाही लगाम घालण्याची तजवीज झाली. ज्या आवाजाने त्या वर्षांत विविध भारतीचे निम्मे वैभव सांभाळले होते तो कोट्यवधी श्रोत्यांच्या घरातून एका टिपणाने नाहीसा झाला, आणि कारण काय ते श्रोत्यांना कोणी सांगितले नाही. पुढे त्यांनी सहकार्याची तयारी दर्शविल्यावर बंदी उठली. इतरांवर वचक बसावा हाच या कारवाईचा उद्देश होता, हे पुढे आणीबाणीच्या चौकशीसाठी नेमलेल्या शाह आयोगासमोर उघड झाले. अमृत नाहटा यांच्या ‘किस्सा कुर्सी का’ या चित्रपटाच्या बाबतीत तर नुसत्या बंदीवर भागले नाही; त्याच्या मूळ प्रतीही नष्ट करण्यात आल्या.

मग लोकांना खरे कळत तरी कसे होते? काही अंशी बीबीसीच्या हिंदी बातम्यांवरून. त्या संस्थेचे दिल्लीतील प्रतिनिधी मार्क टली यांना देश सोडावा लागला होता, तरी लंडनहून येणारा आवाज अडविणे सरकारच्या हाती नव्हते. काही अंशी भूमिगत पत्रकांवरून. पण मुख्यतः लोकांना खरे कळले ते त्यांच्या स्वतःच्या अंगावर जे बेतले त्यावरून. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, म्हणजे आदल्या वर्षाच्या तिपटीहून अधिक. शिक्षकांपासून पोलिसांपर्यंत सर्वांना ‘केसेस’चे आकडे ठरवून देण्यात आले, आणि उत्तर भारतात माणसे अक्षरशः धरून नेली गेली. एप्रिल १९७६ मध्ये दिल्लीच्या तुर्कमान गेट भागात घरे पाडण्यास विरोध करणाऱ्या जमावावर गोळीबार झाला. महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. या साऱ्याविषयी बातमीपत्रात ऐकू येई ते कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टपूर्तीचे समाधान. ज्या गावात मागल्याच आठवड्यात पोलिसांची गाडी येऊन गेली, तेथे ते समाधान ऐकणाऱ्याने त्या बातमीवरच काय, तिच्या पुढल्या पर्जन्यमानाच्या बातमीवरही विश्वास ठेवण्याचे सोडून दिले.

याचा एक अनपेक्षित परिणाम सत्ताधाऱ्यांवर झाला. दररोज सायंकाळी आपलाच गौरव ऐकणाऱ्या सरकारला देशात खरोखर शांतता व संतोष नांदतो आहे असे वाटू लागले, आणि १८ जानेवारी १९७७ रोजी इंदिरा गांधींनी निवडणुका जाहीर केल्या त्या विजयाच्या खात्रीनेच, असे मत त्या काळाच्या अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. निर्णयामागे अन्य कारणेही असतील. परंतु खबर देणारी सर्व साधने बंद करून बसलेल्या दरबाराला बाहेरची हवा कळत नाही, याचे दाखले आपल्या इतिहासात पुष्कळ आहेत.

२ फेब्रुवारीला जगजीवनराम यांनी मंत्रिमंडळ सोडले आणि रविवार, ६ फेब्रुवारीला रामलीला मैदानावर त्यांची व जयप्रकाशांची सभा ठरली. दूरदर्शनवर त्या सायंकाळी ‘वक्त’ हा जुना चित्रपट दाखविला जावयाचा होता. ऐन वेळी तो बदलून राज कपूर यांचा ‘बॉबी’ लावण्यात आला, जो १९७३ मध्ये तुफान गाजलेला होता आणि ज्याच्यासाठी दिल्लीकर घराबाहेर पडणार नाहीत असा अंदाज होता. एवढी मोठी सत्ता, तिच्या हाती असलेली कायद्याची सारी कलमे, आणि अखेर तिला भरवसा वाटला तो डिंपल कापडियाच्या पहिल्यावहिल्या चित्रपटाचा! लोक पायपीट करीत मैदानावर आले, सभा प्रचंड झाली, आणि दुसऱ्या दिवशी बाबूजींनी, म्हणजे जगजीवनरामांनी, बॉबीला हरविले अशा अर्थाचे मथळे झळकले.

मार्चमधील निकाल सुविदित आहेत. इंदिरा गांधी रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून पंचावन्न हजारांवर मतांनी पराभूत झाल्या. अमेठीत संजय गांधी हरले. उत्तर प्रदेशातील ८५ आणि बिहारमधील ५४ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. परंतु आंध्रात तिने ४२ पैकी ४१ व कर्नाटकात २८ पैकी २६ जागा जिंकल्या, आणि महाराष्ट्रात ४८ पैकी २०. नभोवाणी सर्वत्र एकच होती, बातम्याही त्याच होत्या; तरी जेथे सक्तीचा वरवंटा जोराने फिरला तेथे तिचा प्रभाव शून्य ठरला आणि जेथे तो तितकासा फिरला नाही तेथे तिला धक्का बसला नाही. दक्षिणेच्या कौलाला स्थानिक राजकारणाचीही कारणे आहेत आणि सर्व श्रेय वा दोष आकाशवाणीच्या माथी मारणे योग्य नव्हे. तथापि श्रोता स्वतः जेथे साक्षीदार नसतो तेथेच मक्तेदारीचा प्रचार फळतो, एवढा निष्कर्ष या आकड्यांतून काढण्यास हरकत नसावी. आणि म्हणून प्रचार हरला असे म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी केवळ उत्तरेचे निकाल पाहिले आहेत, असे मला वाटते.

काँग्रेसच्या पराभवानंतर आलेल्या जनता पक्षाच्या सरकारात माहिती व नभोवाणी खाते लालकृष्ण अडवाणी यांच्याकडे आले. ऑगस्ट १९७७ मध्ये प्रसारमाध्यमांच्या दुरुपयोगावर श्वेतपत्रिका निघाली, शाह आयोगाने साक्षी नोंदविल्या, ‘समाचार’ विसर्जित होऊन चारही वृत्तसंस्था पुन्हा वेगळ्या झाल्या. बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेब्रुवारी १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ या नावाच्या स्वायत्त विश्वस्त संस्थेची सविस्तर योजना मांडली. तेथवर सर्व ठीक झाले. पण जे ध्वनिक्षेपक काल विरोधात असताना डोळ्यांत खुपत होते ते आज आपल्या कचेरीत आहेत, हे जाणवल्यावर नव्या सरकारचा उत्साह मंदावला. १९७९ मध्ये जे विधेयक आले ते समितीच्या शिफारशींहून बरेच आखूड होते, आणि लोकसभाच विसर्जित झाल्याने तेही संपुष्टात आले. १९८० मध्ये काँग्रेस परतली. दोन वर्षांनी एशियाडच्या निमित्ताने रंगीत चित्रे आली आणि देशभर प्रक्षेपण केंद्रांचे जाळे पसरले. मालकी पूर्ववत राहिली. सत्ताभ्रष्ट झाल्यावर स्वायत्ततेचा जयघोष आणि सत्तारूढ झाल्यावर तिचा विसर, या बाबतीत आपल्या पक्षांमध्ये विलक्षण एकमत आढळते.

प्रसार भारतीचा कायदा अखेर १९९० मध्ये झाला आणि प्रत्यक्ष अमलात येण्यास १९९७ उजाडले. दरम्यान फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही असा निर्वाळा दिला. त्यानंतर दूरचित्रवाणीवर खासगी वृत्तवाहिन्या शेकड्यांनी आल्या. नभोवाणीचे मात्र तसे झाले नाही: खासगी एफ. एम. केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा अद्याप नाही, त्यांना द्यावयाच्याच असतील तर आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी पुनःप्रक्षेपित करावी लागतात.